कोळशाच्या गावाचा निळा संघ : एफ.सी. शाल्के ०४ ई-स्पोर्ट्स (२०१६–२०२१)

मातृसंस्था

शाल्के ही जर्मनीतील गेल्सेनकिर्शेन शहराची एक वस्ती. रूर खोऱ्यातल्या या शहराने पिढ्यान् पिढ्या कोळसा उपसला, पोलाद ओतले आणि धूर सोसला. याच वस्तीतल्या काही पोरांनी ४ मे १९०४ रोजी 'वेस्टफालिया शाल्के' नावाचा फुटबॉल संघ काढला. त्यांतले बहुतेक कामगारांच्या घरांतले होते. आज जगाला माहीत असलेला एफ.सी. शाल्के ०४ तो हाच. नावातले ०४ हे स्थापनेचे वर्ष आणि गडद निळा हा गणवेशाचा रंग. संघाला आजही 'खाणकामगार' म्हणूनच हाक मारली जाते.

या क्लबने १९३४ ते १९५८ या काळात सात वेळा जर्मन विजेतेपद मिळवले. एर्न्स्ट कुत्सोरा आणि फ्रिट्झ शेपान या जोडीच्या आखूड, भिरभिरत्या पासांच्या खेळाने तीसचे दशक गाजवले. १९९७ मध्ये मिलानच्या सॅन सिरो मैदानावर इंटर मिलानला पेनल्टींवर हरवून संघाने यूएफा कप घरी आणला. २००१ पासून क्लबचे मैदान म्हणजे आजची फेल्टिन्स-अरेना, बासष्ट हजारांहून अधिक प्रेक्षक मावणारी. तिथे खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानावर येतात, त्याच्या भिंती कोळशाच्या खाणीतल्या भुयारासारख्या केल्या आहेत. काळ्या, ओबडधोबड भिंती, अंधूक उजेड आणि पुढे एकदम उघडणारे मैदान. गेल्सेनकिर्शेनमधली शेवटची खाण २००८ मध्ये बंद झाली. ज्या पोराने खाण कधी पाहिलीही नाही, तोसुद्धा शाल्केचा गणवेश घातला की या भुयारातूनच बाहेर पडतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढच्या साऱ्या हकिकतीला तिचा आधार आहे. जर्मनीतल्या अनेक मोठ्या क्लबांनी आपला व्यावसायिक फुटबॉल वेगळ्या कंपन्यांकडे सोपवला. शाल्के मात्र सभासदांची नोंदणीकृत संस्था राहिली. दीड लाखांहून अधिक सभासद, त्यांची वार्षिक सभा आणि त्या सभेत उभे राहून पदाधिकाऱ्यांना धारेवर धरण्याचा त्यांचा हक्क, असा हा कारभार. अशा संस्थेने २०१६ साली संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका खेळाचा व्यावसायिक संघ विकत घेतला. त्या विभागाचा हा इतिहास.

स्थापना

पारंपरिक क्रीडा क्लबांची ई-स्पोर्ट्सशी ओळख तेव्हा नुकती कुठे होत होती. इस्तंबूलच्या बेशिक्ताश क्लबने २०१५ मध्ये 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळाचा संघ घेऊन वाट पाडली होती. जर्मनीत वोल्फ्सबुर्ग आणि इंग्लंडमध्ये वेस्ट हॅम यांनी फिफा या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचे एखाद-दुसरे खेळाडू करारबद्ध केले होते. फुटबॉल क्लबने फुटबॉलचाच व्हिडिओ गेम खेळणारा खेळाडू घेतला, तर त्यात कुणाला वावगे वाटत नव्हते.

शाल्केने याहून धाडसाची वाट धरली. मे २०१६ मध्ये क्लबने एलिमेंट्स या संघाची 'लीग ऑफ लेजंड्स'च्या युरोपीय अव्वल लीगमधली, म्हणजे ईयू एलसीएसमधली जागा विकत घेतली. हाच संघ पूर्वी अलायन्स या नावाने २०१४ च्या उन्हाळी हंगामाचा विजेता होता. या खेळात चेंडू नाही आणि गोलही नाही. पाच जणांचे दोन संघ एका आभासी रणभूमीवर उतरतात. तीन वाटांनी आणि मधल्या जंगलातून प्रतिस्पर्ध्याच्या तळापर्यंत पोचून त्याचा केंद्रबिंदू, म्हणजे नेक्सस, फोडतात. एक डाव साधारण अर्धा-पाऊण तास चालतो. प्रत्येकाची जागा ठरलेली असते : वरची वाट, जंगल, मधली वाट, खालच्या वाटेचा नेमबाज आणि त्याचा पाठीराखा. डाव सुरू होण्याआधीच दोन्ही संघ आळीपाळीने पात्रे निवडतात आणि समोरच्याची पात्रे बाद करतात. निम्मे डावपेच तिथेच ठरतात.

क्लबच्या विपणनाची सूत्रे तेव्हा संचालक अलेक्झांडर योब्स्ट यांच्याकडे होती. तरुण पिढी स्टेडियमपेक्षा पडद्यासमोर जास्त असते, आणि तिच्यापर्यंत पोचायचे तर तिच्या खेळात उतरले पाहिजे, हा त्यामागचा विचार. विभागाची धुरा टिम राइशर्ट यांच्याकडे आली. त्यांच्याइतका योग्य माणूस क्लबला क्वचितच मिळाला असता. शेजारच्या ओबरहाउझन शहरात १९९७ मध्ये राइशर्ट भावंडांनी मित्रांसोबत एक संघ उभारला होता. तोच पुढे एसके गेमिंग या नावाने जगभर पोचला. टिम स्वतः रोट-वाइस ओबरहाउझनकडून व्यावसायिक फुटबॉलही खेळले होते. बूट आणि माऊस ही दोन्ही जगे आतून पाहिलेला माणूस या विभागाला पहिल्यापासून लाभला.

पहिला हंगाम आणि घसरण

पहिल्या संघात स्टीव्ह, गिलियस, फॉक्स, मिस्टररॅलेझ आणि स्प्रॅटेल हे पाच जण होते. (या क्षेत्रात खेळाडू आपल्या खेळातल्या नावानेच ओळखले जातात, म्हणून इथेही तीच नावे वापरली आहेत.) २०१६ चा उन्हाळी हंगाम कठीण गेला. दहा संघांत शाल्के तळाकडे राहिला, बढती-घसरणीच्या सामन्यांत ओढला गेला आणि तिथेही हरला. अव्वल लीगची जागा पहिल्याच हंगामात गेली.

क्लबचा खरा कस इथे लागला. पैसे देऊन मिळवलेली जागा काही महिन्यांत हातची गेली होती. टीकाकारांना आयता मुद्दा मिळाला होता : फुटबॉलवाल्यांनी नसत्या फंदात पडायचे कशाला? विभाग मोडून टाकायला याहून सोयीचा क्षण नव्हता. क्लबने तो मोडला नाही. संघ दुसऱ्या श्रेणीच्या चॅलेंजर मालिकेत उतरला. तिथे ना मोठे प्रेक्षक होते, ना मोठे प्रायोजक. पॅरिस सेंट-जर्मेन याच श्रेणीतून वर येण्यासाठी झटत होता. पॅरिसच्या त्या बलाढ्य क्लबने ऑक्टोबर २०१७ मध्ये हा खेळ सोडून दिला. शाल्के राहिला.

२०१७ च्या उन्हाळ्यात संघाने बढतीचे सामने जिंकले आणि जायंट्स संघासोबत अव्वल लीगमध्ये परतला. याच काळात अपसेट हा तरुण जर्मन नेमबाज निळ्या गणवेशात घडला. पुढे तो युरोपातल्या नामवंत नेमबाजांत गणला गेला. २०१६ मध्ये पैशाने मिळालेली जागा २०१७ मध्ये खेळून मिळवली गेली. माझ्या मते या विभागाचा खरा जन्म बढतीच्या त्या सामन्यांत झाला.

माद्रिदची अंतिम फेरी

२०१८ साठी संघाची नव्याने बांधणी झाली. वरच्या वाटेवर हंगेरीचा अनुभवी व्हिझिचाची, मधल्या वाटेवर नॉर्वेचा नूकडक, खालच्या वाटेवर अपसेट आणि त्याच्या पाठीशी पोलंडचा वांडर. वसंत हंगाम बेताचाच गेला. उन्हाळ्यात जर्मन खेळाडू अमेझिंग जंगलात उतरला आणि घडी बसली. प्लेऑफमध्ये स्प्लाइस आणि व्हिटॅलिटी यांना मागे टाकून शाल्केने अंतिम फेरी गाठली.

सप्टेंबर २०१८ मध्ये माद्रिदच्या पॅलासियो व्हिस्तालेग्रे सभागृहात समोर फनॅटिक उभा होता, युरोपातला तोवरचा सर्वांत यशस्वी संघ. शाल्के १–३ असा हरला. पुढे जागतिक स्पर्धेच्या पात्रता सामन्यात जी२ या संघाने वाट अडवली आणि ती संधीही हुकली. तरीही त्या दिवशी सभागृहात निळे स्कार्फ फडकत होते आणि फुटबॉलच्या स्टँडमधली गाणी ई-स्पोर्ट्सच्या मंचासमोर घुमत होती. दोन वर्षांपूर्वी खालच्या श्रेणीत गेलेला संघ युरोपात दुसरा आला होता.

हा खेळ आहे की नाही?

त्याच वर्षी जर्मनीत एक मोठा वाद पेटला होता. ई-स्पोर्ट्स हा खेळ म्हणायचा की नाही? जर्मन फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष राइनहार्ड ग्रिंडेल यांनी उघडपणे 'नाही' असे उत्तर दिले. शेजारच्या बोरुसिया डॉर्टमुंडचे हान्स-योआखिम वात्स्के यांनीही आपली नापसंती लपवली नाही. जर्मन ऑलिम्पिक महासंघाने ऑक्टोबर २०१८ मध्ये भूमिका घेतली की फुटबॉलसारख्या खऱ्या खेळांची आभासी रूपे क्लबांनी जवळ करायला हरकत नाही, इतर व्हिडिओ गेमना मात्र खेळ म्हणता येणार नाही.

शाल्केचा मुख्य संघ नेमका या दुसऱ्या गटात मोडत होता. क्लबचे फिफा आणि प्रो इव्होल्यूशन सॉकर खेळणारे संघही होते. तेवढेच ठेवले असते तर वाद झालाच नसता. पण क्लबने आपल्या लीग ऑफ लेजंड्सच्या खेळाडूंना आपलेच खेळाडू मानले. त्यांना तेच बोधचिन्ह दिले, तोच रंग दिला. व्याख्येचा निकाल महासंघाने द्यावा. आपल्या गणवेशात कोण उतरणार हे क्लबने ठरवावे, अशी ही भूमिका होती. ती रास्त होती असे मी मानतो.

कायमची जागा

२० नोव्हेंबर २०१८ रोजी युरोपीय लीगची कायाच पालटली. ईयू एलसीएसची एलईसी झाली. दहा संघांना कायमच्या जागा मिळाल्या आणि बढती-घसरण रद्द झाली. फनॅटिक, जी२, व्हिटॅलिटी, ओरिजेन, मिसफिट्स, स्प्लाइस, एसके गेमिंग, एक्सेल, रोग आणि शाल्के हे ते दहा. जुन्या संघांसाठी प्रवेशशुल्क ८० लाख युरो आणि नव्यांसाठी एक कोटी पाच लाख युरो असल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या होत्या. एसके गेमिंगची निवड ही टिम राइशर्ट यांच्यासाठी वेगळ्याच जिव्हाळ्याची गोष्ट असणार. त्यांच्या तरुणपणीचा संघ आता त्यांच्यासमोर उभा राहणार होता.

हा बदल नीट समजून घ्यायला हवा. फुटबॉलमध्ये जागा कुणाच्याच मालकीची नसते. दर वर्षी ती खेळून राखावी लागते. एलईसीमध्ये जागा ही मालमत्ता झाली. संघ हरला तरी ती जात नाही, आणि लीगच्या संमतीने ती विकता येते. खालच्या श्रेणीत जाण्याचा अनुभव पदरी असलेल्या शाल्केला आता घसरण नसलेल्या घरात राहायला मिळाले. पुढे क्लबवर संकट आले तेव्हा याच फरकाला किंमत आली.

सामने बर्लिनच्या आडलर्सहोफ भागातल्या स्टुडिओत होत. त्यामुळे हंगामात खेळाडूंचा मुक्काम गेल्सेनकिर्शेनपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर असे. दिवसाचा क्रम ठरलेला : दुसऱ्या संघांशी सरावाचे डाव, प्रत्येक डावानंतर चित्रफितीवर चुकांची चर्चा, पुन्हा डाव, पुन्हा चर्चा. २०१९ पासून मुख्य प्रशिक्षक होते कॅनडाचे डिलन फाल्को. आदल्याच वर्षी माद्रिदला शाल्केला हरवणाऱ्या फनॅटिकचे ते प्रशिक्षक होते. रोमानियाचा ओडोआम्ने, जर्मनीचा अबेडागे, अपसेट, कोरियाचा इग्नार आणि हंगामाच्या मध्यात आलेला कोरियाचाच ट्रिक या फळीने २०१९ च्या उन्हाळी प्लेऑफमध्ये रोगला नमवले. अथेन्समध्ये फनॅटिकने त्यांना रोखले आणि शाल्के तिसरा आला. जागतिक स्पर्धेच्या पात्रतेत या वेळी स्प्लाइस आडवा आला.

२०२० : सात विजय

या विभागाच्या इतिहासातले सर्वांत आवडते पान कोणते, असे कुणाही जुन्या चाहत्याला विचारले तर तो २०२० च्या उन्हाळ्याचेच नाव घेईल.

महासाथीमुळे लीग स्टुडिओतून खेळाडूंच्या सरावखोल्यांत गेली होती. समोर प्रेक्षक नव्हते. अठरा सामन्यांच्या हंगामात शाल्केने पहिल्या अकरा सामन्यांत एकच विजय मिळवला. दहा पराभव. आता उरले केवळ औपचारिक सामने, असे सगळ्यांनी गृहीत धरले. गिलियस तोवर जंगलात परतला होता. २०१६ च्या पहिल्या फळीतला, खालच्या श्रेणीत जाण्याचे दुःख पाहिलेला तोच गिलियस. वरच्या वाटेवर ओडोआम्ने, मध्ये अबेडागे, खाली स्लोव्हाकियाचा निऑन आणि त्याच्या पाठीशी कोरियाचा ड्रीम्स.

बाराव्या सामन्यापासून हा संघ हरलाच नाही. जंगलातल्या खेळाडूची कला त्याच्या वेळेत असते. कोणत्या वाटेवर केव्हा धावून जायचे, कोणत्या क्षणी थांबायचे, हे त्याने ठरवायचे आणि बाकीच्या चौघांनी त्यावर विश्वास ठेवायचा. गिलियसच्या उत्साही, आक्रमक हाकेवर इतर चौघे निर्धास्तपणे पुढे जाऊ लागले. एक विजय, दोन, तीन. हरलो तर स्पर्धेबाहेर, असे प्रत्येक सामन्याला म्हणावे लागत होते. उरलेले सातच्या सात सामने जिंकून शाल्के आठ विजय, दहा पराभवांसह सहावा आला आणि प्लेऑफमध्ये शिरला. चाहत्यांनी या धावेला 'चमत्कार' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. प्लेऑफमध्ये संघाने एसके गेमिंगला घरी पाठवले. मग मॅड लायन्सने ही घोडदौड थांबवली आणि जागतिक स्पर्धेचे दार पुन्हा बंद झाले.

दुर्दैव असे की त्याच काळात क्लबच्या फुटबॉल संघाला विजयच सापडत नव्हता. बुंडेसलीगात सलग तीस सामने शाल्के जिंकला नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी हॉफेनहाइमला ४–० असे हरवून त्याने ही नामुष्की संपवली. आणखी एक सामना गेला असता तर तास्मानिया बर्लिनच्या ३१ सामन्यांच्या विक्रमाशी बरोबरी झाली असती. त्या हिवाळ्यात अनेक शाल्केवासीयांनी सात विजयांच्या त्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या असतील. निळ्या रंगाला जिंकताना पाहण्याची तेवढीच सोय उरली होती.

विक्री

२० एप्रिल २०२१ रोजी आर्मिनिया बीलेफेल्डकडून ०–१ अशी हार पत्करून शाल्के तीस वर्षांनी बुंडेसलीगातून खाली गेला. क्लबवर वीस कोटी युरोंहून अधिक देणी होती. महासाथीत मैदाने रिकामी, तिकिटांचे पैसे बंद आणि आता दूरचित्रवाणीचे उत्पन्नही घटणार. ई-स्पोर्ट्सचा संघ त्या वर्षी वसंतात प्लेऑफपर्यंत गेला होता. पण उन्हाळी हंगामाच्या ऐन मध्यात, जूनच्या अखेरीस क्लबने जाहीर केले की एलईसीमधली जागा स्वित्झर्लंडच्या टीम बीडीएसला विकली जात आहे. किंमत होती दोन कोटी ६५ लाख युरो. घरावर संकट आले की अंगावरचा दागिना मोडावा, तशी ही विक्री होती. पाच वर्षे घडवलेला दागिना ऐन गरजेला घराच्या कामी आला.

या व्यवहाराकडे केवळ हळहळीने पाहू नये. फुटबॉल संघ हरला तशी त्याच्या जागेची किंमत घसरली, कारण ती जागा हरल्यावर जाते. ई-स्पोर्ट्सची जागा संघ तळाशी असतानाही पूर्ण किमतीला विकली गेली. २०१६ च्या पराभवानंतर क्लबने विभाग बंद केला असता, तर २०१८ मध्ये कायमच्या जागेसाठी शाल्केचा विचारच झाला नसता आणि २०२१ मध्ये विकायला काही उरलेही नसते. संयमाचे फळ कधी कधी असे, वेगळ्याच खात्यात जमा होते.

उन्हाळी हंगाम संघाने तळाच्या संघांत राहून संपवला. २०२२ पासून शाल्केच्या जागी बीडीएस खेळू लागला. त्याच वर्षी फुटबॉल संघ दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन बुंडेसलीगात परतला. ते परतणे मात्र एकाच हंगामापुरते ठरले.

माणसे

कुठल्याही विभागाची शेवटची मोजदाद माणसांनीच होते. ओडोआम्ने रोग संघात गेला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात एलईसीचा विजेता झाला. अबेडागे २०२१ मध्येच अमेरिकेच्या १०० थीव्ह्ज संघात गेला आणि त्याच उन्हाळ्यात तिथल्या लीगचा करंडक उचलला. शाल्केच्या शेवटच्या वर्षी वरच्या वाटेवर खेळलेला ब्रोकनब्लेड जी२ मध्ये गेला आणि एकामागून एक विजेतेपदे मिळवत राहिला. प्रशिक्षक डिलन फाल्कोही जी२ मध्येच गेले. दुसऱ्या श्रेणीच्या वर्षी शाल्केकडून खेळलेला कॅड्रेल आज या खेळाच्या सर्वांत लोकप्रिय भाष्यकारांपैकी एक आहे. शाल्केला एकही करंडक मिळाला नाही, पण त्याने घडवलेल्या माणसांनी करंडक मिळवले.

समारोप

ई-स्पोर्ट्सचा एखादा विभाग सुरू करावा, असे आज अनेक क्रीडा संस्थांच्या मनात येते. त्यांच्या पदाधिकाऱ्यांना या इतिहासातून तीन गोष्टी घेता येतील. विभागाचा प्रमुख हा त्या खेळातूनच आलेला असावा. नव्या खेळाडूंना जुन्या खेळाडूंचाच गणवेश द्यावा. आणि पहिल्या पराभवानंतर विभाग मोडण्याची घाई करू नये. जागा विकत घेता येते, लौकिक मात्र खालच्या श्रेणीतल्या त्या वर्षासारख्या वर्षांतच मिळवावा लागतो.

शाल्के ०४ ई-स्पोर्ट्सने लीग ऑफ लेजंड्समध्ये पाच वर्षांत एक घसरण, एक बढती, एक अंतिम फेरी, एक तिसरा क्रमांक आणि सलग सात विजयांची एक अजरामर धाव दिली, आणि जाताना मातृसंस्थेच्या हाती दोन कोटी ६५ लाख युरो ठेवले. क्लबच्या इतिहासग्रंथात या विभागाला तळटीप न देता स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे. तो मान त्याने कमावलेला आहे.